बायपोलर आणि व्यसनावर ‘एकत्र उपचार’: पाटीवर काय, प्रत्यक्षात काय

बायपोलर आजार (मूड कधी उन्मादात चढतो, कधी नैराश्यात पडतो असा) आणि दारूचं, गांजाचं किंवा गोळ्यांचं व्यसन एकाच माणसात असेल, तर दोन्हींवर एकाच टीमने, एकाच फाइलवर, एकाच वेळी उपचार करणारी सेवा घ्यावी. निकाल आधीच सांगून टाकला, कारण त्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो पाटीबद्दल. ‘ड्युअल डायग्नोसिस’ (एकाच माणसात दोन निदानं) हे शब्द माहितीपत्रकात छापायला काही लागत नाही. आत जाऊन पाहिलं तर बऱ्याचदा नेहमीचंच व्यसनमुक्ती केंद्र असतं: तोच दिनक्रम, त्याच सभा, आणि मधूनमधून फेरी मारून गोळ्या लिहून जाणारे मानसोपचारतज्ज्ञ. समुपदेशकाने त्यांचा कागद वाचलेला नसतो आणि त्यांनी समुपदेशकाचा. हे झाले एका इमारतीतले दोन उपचार.

हे परीक्षण एखाद्या ठरावीक केंद्राचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. तिच्यात काय असायला हवं, कोणता भाग दमदार आहे, कुठे ती हमखास फसते आणि दाखल होण्याआधी ते कसं ओळखायचं, एवढंच पाहायचं आहे.

दुखणं दुर्मीळ म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणाचे १९९० साली प्रसिद्ध झालेले आकडे आजही दिले जातात. बायपोलर-१ (पूर्ण उन्मादाचे झटके येणारा प्रकार) असलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा किंवा इतर नशेचा विकार झालेला होता. नुसती दारू धरली तरी ४६ टक्के. बायपोलरच्या ओपीडीत नशेची चौकशी होत नसेल, तर निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत अर्धा आजार दाराबाहेरच राहतो.

‘आधी दारू सोड, मग मूडचं बघू’ ही जुनी रीत अजून मेलेली नाही. ती का फसते ते सोपं आहे. उपचार न झालेला उन्माद अंगात असलेला माणूस सभेत बसूच शकत नाही. दुसऱ्या आठवड्यात ‘मी पूर्ण बरा झालो’ म्हणून सामान बांधतो. उलट रीतही तितकीच फसते. पिणं चालू ठेवून फक्त मूडच्या गोळ्या दिल्या, तर गोळ्या चुकतात, झोप मोडते, आणि औषध लागू पडतंय की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. तिसरी रीत समांतर उपचारांची: दोन डॉक्टर, दोन दवाखाने. वरवर शहाणपणाची वाटते. पण एकाने झोपेसाठी लिहिलेलं क्लोनाझेपाम दुसऱ्याच्या दृष्टीने नवं व्यसन ठरतं. एकाने मूडसाठी सुरू केलेलं कार्बामाझेपिन दुसऱ्याने अफूजन्य व्यसनावर दिलेल्या मेथाडोनची रक्तातली पातळी खाली आणतं, रुग्णाला विथड्रॉवल (नशा तुटल्याचा शारीरिक त्रास) सुरू होतं, आणि ‘तलफ वाढली, इच्छाशक्ती कमी पडली’ अशी नोंद होते.

पहिली मुलाखत

सेवेची पारख पहिल्या भेटीतच बरीचशी होऊन जाते. चांगल्या ठिकाणी या भेटीत एक आडवा कागद काढतात. त्यावर वर्षं आणि महिने आखलेले असतात. वरच्या रेषेवर मूड: कधी चढलेला, कधी पडलेला, किती दिवस, किती तीव्र. खालच्या रेषेवर नशा: काय, किती, रोज की अधूनमधून. रुग्णाकडून आणि घरच्या एका माणसाकडून हा कागद वेगवेगळा भरून घेतात, मग दोन्ही शेजारी ठेवतात. उन्मादाच्या काळाबद्दल रुग्णाची आठवण बहुधा सौम्य असते आणि घरच्यांची तीव्र, म्हणून हा खटाटोप.

या कागदावर दोन गोष्टी शोधायच्या असतात. पहिल्या पेल्याच्या किंवा पहिल्या झुरक्याच्या आधी मूडचा एखादा झटका येऊन गेला होता का? आणि सर्वांत लांब कोरड्या काळात मूड कसा होता? नशा बंद असतानाही चढ-उतार चालू राहिले असतील, तर बायपोलरचं निदान पक्कं होत जातं. जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर आहे का आणि नैराश्याच्या गोळ्यांवर पूर्वी मूड उसळला होता का, हेही विचारायलाच हवं.

झोपेचा प्रश्न नीट विचारला गेला की नाही, यावरून मुलाखत घेणाऱ्याचा हात ओळखता येतो. ‘झोप लागत नाही’ आणि ‘झोपेची गरजच वाटत नाही’ यांत फार अंतर आहे. दारू सोडलेला माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी गळून जातो. उन्मादातला माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो आणि पहाटेच कपाट आवरायला घेतो. दोन्हींची नोंद ‘निद्रानाश’ म्हणूनच झाली, तर पुढचं सगळं चुकीच्या रुळावरून जातं.

कोकेन किंवा मेथचा अंमल हुबेहूब उन्मादासारखा दिसतो, आणि तो उतरल्यावरचा गळाठा नैराश्यासारखा. म्हणून शंका असेल तेव्हा नशा थांबल्यापासून साधारण महिनाभर निरीक्षण करून मगच निदान पक्कं करावं असा संकेत आहे. तो निदानापुरता. समोर उघड उन्माद असताना किंवा आत्महत्येचे विचार असताना महिनाभर थांबा म्हणणारी सेवा सोडून द्यावी.

इथे सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे डिटॉक्सच्या (नशा शरीरातून उतरवण्याच्या) पहिल्या आठवड्यातच ‘डिप्रेशन’ म्हणून नुसती नैराश्याची गोळी सुरू करणं. दारूमुळे आलेलं नैराश्य बऱ्याचदा दोन ते चार आठवड्यांत आपोआप निवळतं. तळाशी बायपोलर असेल, तर मूड स्टॅबिलायझरशिवाय (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय) दिलेली हीच गोळी माणसाला वर फेकू शकते. बायपोलर-१ मध्ये अशी गोळी एकटी देऊ नये हा नियमच आहे, तरी तो रोज मोडला जातो.

लघवीची चाचणी

या चाचण्या जवळपास सगळीकडे होतात. त्यांचा अर्थ लावणारा माणूस मात्र सगळीकडे नसतो. रोज गांजा ओढणाऱ्याची चाचणी सोडल्यानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते; तिसऱ्या आठवड्यातली पॉझिटिव्ह म्हणजे काल ओढला असं होत नाही. साध्या पट्टीच्या चाचणीत बेंझोडायझेपिन गटातल्या (झोपेच्या, चिंतेच्या) गोळ्यांसाठी ‘निगेटिव्ह’ आलं तरी क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम सुटून गेलेलं असू शकतं. याच रुग्णांना वारंवार दिलं जाणारं क्वेटियापिन हे उन्माद शमवणारं औषध काही पट्ट्यांवर मेथाडोन म्हणून उमटतं आणि ब्युप्रोपिऑन हे नैराश्याचं औषध अँफेटामिन म्हणून. दारूसाठीची ईटीजी चाचणी जास्त पिण्यानंतर तीन-चार दिवसांपर्यंत पकडते, पण इतकी हळवी असते की अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर सारखा वापरला तरी कधीकधी बोट दाखवते.

वाद झाला की नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या पक्क्या चाचणीला पाठवायची सोय आहे का, हे आधीच विचारून घ्यावं. पट्टीवरच्या एका रेघेवर माणसाला खोटं पाडलं की उपचारातला विश्वास संपतो, आणि बायपोलरच्या रुग्णाच्या बाबतीत तो पुन्हा जोडणं फार कठीण जातं.

डिटॉक्स

दारूच्या विथड्रॉवलचं वेळापत्रक ठरलेलं आहे. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत कंप, घाम, बेचैनी. ६ ते ४८ तासांत फिट येण्याचा धोका. ४८ ते ९६ तासांत डेलिरियम, म्हणजे भ्रम, स्थळ-काळाचं भान सुटणं, ताप, नाडी धावणं. याची तीव्रता सीआयडब्ल्यूए नावाच्या गुणतक्त्यावर मोजून त्याप्रमाणे बेंझोडायझेपिनचा डोस देतात. अडचण अशी की या तक्त्यात कंप, घाम, अस्वस्थता आणि चिंता यांना गुण आहेत, आणि हे सगळं इतर कारणांनीही होतं. उन्मादातली धडपड गुण वाढवते. लिथियम या मूडच्या औषधाने येणारा हातकंप गुण वाढवतो. तक्ता यंत्रासारखा भरणारी नर्स अशा रुग्णाला गरजेपेक्षा जास्त गुंगी देऊन बसते. उलटही होतं: डेलिरियम सुरू झालेला माणूस ‘बायपोलर आहे, मॅनिया वाढलाय’ म्हणून नुसत्या अँटिसायकॉटिकवर (भ्रम-उन्माद शमवणाऱ्या औषधावर) ठेवला जातो. त्याने फिट येण्याची शक्यता वाढते. फरक ओळखायची साधी खूण आहे. उन्मादातला माणूस वाटेल ते बोलेल, पण आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे बहुतेक वेळा सांगेल. डेलिरियममधला गोंधळेल आणि तासातासाला बदलेल.

थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) सुरुवातीलाच, ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी. हे न करणारं केंद्र आजकाल विरळा, तरीही विचारायला हरकत नाही. यकृत बिघडलेलं असेल तर डायझेपामपेक्षा लोराझेपाम बरं. या गोळ्या डिटॉक्सपुरत्याच असतात. डिस्चार्जच्या कागदावर त्या ‘झोपेसाठी, गरजेप्रमाणे’ म्हणून उरलेल्या दिसल्या तर पुढच्या व्यसनाचा पाया घातला गेला असं समजावं. तलफेसाठी कधीकधी दिल्या जाणाऱ्या बॅक्लोफेनवर असलेल्या रुग्णाचं बॅक्लोफेन दाखल होताना एकदम बंद करू नये. त्याने फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, आणि ते पुन्हा उन्मादाच्याच खात्यावर लिहिले जातात.

औषधं: इथे सेवा उघडी पडते

लिथियम हे बायपोलरमधलं जुनं आणि भक्कम औषध. जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उन्मादावरचा परिणाम मांडला. आत्महत्येचा धोका कमी करण्याच्या बाबतीत त्याच्याइतका पुरावा या गटातल्या दुसऱ्या औषधापाशी नाही. पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर कमी. चालू उपचारात रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, उन्मादात १.० पर्यंत नेतात, आणि १.५ च्या वर गेलं की धोका. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं; डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवस थांबून. सकाळची गोळी घेऊन आलेल्या माणसाचं अकरा वाजता रक्त काढलं तर आकडा फुगलेला येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. ही चूक इतकी सर्रास होते की रिपोर्टवर शेवटच्या गोळीची वेळ लिहिलेली नसेल तर तो रिपोर्ट बाजूलाच ठेवावा.

पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत लिथियमचे सापळे वेगळे. उलट्या, जुलाब, रात्रभर पिऊन आटलेलं शरीर यांमुळे पातळी चढते. प्यायल्यानंतरच्या डोकेदुखीला किंवा अंगदुखीला घेतलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ती आणखी चढवतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही. कॉफी-चहा सपाटून पिणाऱ्याने तो एकदम सोडला तरीही पातळी वर सरकते, आणि कॅफीनबंदी असलेल्या केंद्रात हे हमखास घडतं. ठसठशीत कंप, तोल जाणं, जड जीभ, उलट्या ही विषबाधेची लक्षणं दारू प्यायल्यासारखी दिसतात. ‘पिऊन आलाय’ म्हणून झोपवून ठेवलेल्या माणसाचं लिथियम तपासलं गेलं नाही, तर किडनी आणि मेंदू दोन्ही गमावण्याची वेळ येते. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी तपासायचं, हे ओघाने आलंच.

व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरची बाजू व्यसन असलेल्यांसाठी जरा उजवी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका २४ आठवड्यांच्या चाचणीत दारूचं व्यसन असलेल्या ५९ बायपोलर-१ रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर व्हॅल्प्रोएट किंवा नकली गोळी दिली गेली. व्हॅल्प्रोएटच्या गटात भरपूर पिण्याचे दिवस कमी झाले. मूडमध्ये मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. चाचणी छोटी, पण या विषयात याहून मोठ्या चाचण्या मोजक्याच. यकृताच्या चाचण्या आणि प्लेटलेट्स पाहूनच हे औषध सुरू करायचं, आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो द्यायचंच नाही, कारण गर्भाला गंभीर इजा होते. क्वेटियापिन मूडला उपयोगी आहे. त्याने पिणंही कमी होईल अशी आशा होती, ती नियंत्रित चाचण्यांत खरी ठरली नाही.

लॅमोट्रिजिन या मूडच्या औषधाचा मुद्दा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण व्यसनाच्या सेवेत नेमका तोच निसटतो. हे औषध मुंगीच्या पावलांनी चढवायचं असतं: पहिले दोन आठवडे रोज २५ मिग्रॅ, पुढचे दोन आठवडे ५०, मग १००, मग २००. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर याच्या निम्मं, म्हणजे सुरुवात एक दिवसाआड २५. घाई केली तर अंगावर पुरळ येतं आणि क्वचित त्वचा सोलवटून जीवावर बेतणारी स्टीव्हन्स-जॉन्सनची प्रतिक्रिया होते. आता समजा, २०० वर स्थिर असलेला माणूस स्लिप झाला, आठवडाभर पीत राहिला, गोळ्या राहिल्या. सातव्या दिवशी शुद्धीवर येऊन अपराधी भावनेने तो थेट २०० ची गोळी घेतो. साधारण पाच दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर पुन्हा २५ पासून चढवावं लागतं. हे वाक्य डिस्चार्जच्या कागदावर ठळक छापणारी सेवा पाहिली की आमच्या मते अर्धी परीक्षा झाली.

दारूच्या तलफेवरची औषधं बायपोलरमध्येही वापरता येतात. चाचण्या छोट्या आहेत आणि निकाल माफक. नाल्ट्रेक्झोन रोज ५० मिग्रॅ, यकृत तपासून, आणि अफूजन्य औषध बंद होऊन ७ ते १० दिवस झाल्यावरच, नाहीतर तिथल्या तिथे तीव्र विथड्रॉवल सुरू होतं. अकॅम्प्रोसेट यकृताला त्रास देत नाही, पण मूत्रपिंडावाटे जातं. नेहमीचा डोस ६६६ मिग्रॅ दिवसातून तीनदा. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं याचा आकडा) ३० ते ५० असेल तर ३३३ मिग्रॅ तीनदा, ३० च्या खाली तर नाहीच. वर्षानुवर्षं लिथियम घेतलेल्या माणसात हा आकडा पाहिल्याशिवाय गोळी लिहिणं बेजबाबदार.

डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायली की शरीराला त्रास देणारं औषध, याबद्दल आमचं मत कडक आहे. ते डोपामिनचं नॉरएड्रेनालिनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम अडवतं, आणि त्यामुळे भ्रम किंवा उन्माद उफाळल्याच्या नोंदी आहेत. घरच्यांच्या हाती ही पुडी देऊन ‘जेवणात मिसळा’ म्हणणारी सेवा असेल तर तिथून उठून यावं. माणसाला न सांगता दिलेलं डायसल्फिराम आणि वर त्याने प्यायलेली दारू यांतून रक्तदाब कोसळू शकतो, आणि औषध बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत ही प्रतिक्रिया येऊ शकते.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे पर्यायी औषध चालू ठेवणं हाच मुख्य उपचार. ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी हेरॉइनसारख्या कमी टिकणाऱ्या पदार्थानंतर १२ ते २४ तासांनी, विथड्रॉवल स्पष्ट दिसायला लागल्यावर द्यायची. ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणत ते बंद करायला लावणारी केंद्रं अजून आहेत. बायपोलरच्या रुग्णाला तिथे पाठवू नये. मेथाडोनबरोबर क्वेटियापिनसारखं औषध असेल तर आधी ईसीजी काढून क्यूटी अंतर (ते लांबलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात) बघणं आलं.

गटोपचार हा खरा आत्मा

या क्षेत्रात बायपोलर आणि व्यसन या जोडीसाठीच बांधलेला आणि चाचणीत उतरलेला कार्यक्रम म्हणजे इंटिग्रेटेड ग्रुप थेरपी (एकत्रित गटोपचार). अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये रॉजर वाइस आणि सहकाऱ्यांनी तो तयार केला. सेवेत हा किंवा याच धाटणीचा गट चालतो का, हा आमचा पहिला प्रश्न असतो.

त्यातली मध्यवर्ती कल्पना साधी आहे: दोन आजार वेगळे मोजू नका, एकच समजा. नियमही एकच. काहीही झालं तरी पिऊ नका, नशा करू नका, आणि गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्या. दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकजण थोडक्यात हजेरी देतो: आठवड्यात नशा केली का, मूड कसा होता, गोळ्या घेतल्या का, अवघड प्रसंग कोणता आला आणि तिथे काय केलं, पुढच्या आठवड्यात कोणता येण्यासारखा आहे. मग त्या दिवसाचा विषय आणि एक हातपत्रिका. नैराश्यात नशेशिवाय कसं तगायचं, गोळ्या का सोडाव्याशा वाटतात, धोक्याची सुरुवातीची चिन्हं, नकार कसा द्यायचा, झोप. आमच्या नजरेत सर्वांत कामाचा विषय ‘आता काय फरक पडतो’ या विचाराचा. गोळी चुकली, आता एक पेग घेतला तर काय. एक घेतला, आता बाटली संपवली तर काय. उदासीत आणि तलफेत हाच विचार सारख्याच शब्दांत येतो, म्हणून दोन्हींवर एकाच जागी काम करता येतं.

२००७ च्या चाचणीत ६२ रुग्ण होते, २० आठवड्यांची सत्रं होती, आणि तुलना नेहमीच्या व्यसन-समुपदेशन गटाशी होती. एकत्रित गटात नशेचे दिवस उघडपणे कमी झाले. मात्र मूडच्या झटक्यांचे आठवडे दोन्हींत सारखेच राहिले, आणि मूडची किरकोळ लक्षणं एकत्रित गटात थोडी जास्तच नोंदली गेली. जाहिरातीत हे वाक्य कुणी छापत नाही. गट व्यसनावर चांगला चालतो. मूडचं काम गोळ्यांनाच करावं लागतं. २००९ मध्ये ६१ रुग्णांवर १२ सत्रांची आटोपशीर आवृत्ती तपासली गेली. ती साध्या व्यसन-समुपदेशकांनी चालवली, आणि तरीही चालली. त्यामुळे ‘आमच्याकडे तज्ज्ञ नाहीत’ ही सबब केंद्राने देऊ नये.

याच्या जोडीला सामाजिक लयीचा उपचार असेल तर उत्तम. एलेन फ्रँक यांनी मांडलेल्या या पद्धतीत रोज पाच वेळा टिपायच्या असतात: उठण्याची, दुसऱ्या माणसाशी पहिलं बोलण्याची, काम सुरू करण्याची, रात्रीच्या जेवणाची, अंथरुणावर पडण्याची. कंटाळवाणं काम आहे. पण झोपण्याची वेळ तीन-चार दिवस सलग पुढे सरकताना कागदावर दिसली की उन्माद किंवा स्लिप येण्याआधी काहीतरी करता येतं.

स्वमदत गट चांगले आहेत आणि फुकट आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ पासून चालू आहे, आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांच्या आड यायचं नाही असंच त्यांचं अधिकृत म्हणणं आहे. तरी एखाद्या स्थानिक गटातला जुना सदस्य ‘गोळ्या म्हणजे पण नशाच’ असं म्हणतो. यावर काय उत्तर द्यायचं याचा सराव सेवेने आधीच करून घ्यायला हवा.

स्लिप झाल्यावर

सेवा विकत घेण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा: मधेच कुणी प्यायलं तर तुम्ही काय करता? ‘डिस्चार्ज देतो, तो नियमच आहे’ असं उत्तर आलं तर ती सेवा या रुग्णासाठी नाही. बायपोलरमध्ये स्लिप हे पुष्कळदा मूड घसरत असल्याचं पहिलं लक्षण असतं. त्याच क्षणी बाहेर काढणं म्हणजे आत्महत्येच्या धोक्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर माणसाला एकटं सोडणं. बरं उत्तर साधारण असं असतं: त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भेट, झोप किती झाली, गोळ्या किती दिवस चुकल्या, आत्महत्येचा विचार आहे का हे थेट शब्दांत विचारणं, लिथियमवर असेल तर पातळी, लॅमोट्रिजिनमध्ये खंड असेल तर पुन्हा पायरी १, आणि मग गटात परत.

गोळ्या किती दिवसांच्या हाती द्यायच्या हाही याचाच भाग. आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या माणसाला महिन्याभराचं लिथियम एकदम देऊ नये. आठवड्याचंच द्यावं, गोळ्यांच्या कपाटाच्या चाव्या घरच्यांकडे. अफूजन्य व्यसनातून बाहेर पडलेल्याची जुना डोस पचवण्याची ताकद काही आठवड्यांतच उतरलेली असते, आणि जुन्याच डोसने मृत्यू होतो. डिस्चार्जच्या पिशवीत नालोक्झोन (अफूजन्य पदार्थाचा जीवघेणा अंमल उतरवणारं औषध) आणि ते कसं द्यायचं याची घरच्यांना शिकवणी असावी. पहिली फॉलो-अप भेट आठवड्याच्या आत.

धूम्रपान

बहुतेक सेवा या विषयाला हातच लावत नाहीत, ‘एका वेळी एकच’ म्हणून. पण धूरबंदी असलेल्या वॉर्डात दाखल केलं की सिगारेट तशीही सुटते, आणि तेव्हा ओलान्झापिन आणि विशेषतः क्लोझापिन या अँटिसायकॉटिक औषधांची रक्तातली पातळी वर जाते, कारण धुरामुळे जोरात चालणारं यकृतातलं एन्झाइम आठवडाभरात मंदावतं. निकोटीनचा पॅच लावून हे टळत नाही. काम धुराचं असतं, निकोटीनचं नव्हे. माणूस दिवसभर पेंगतो आणि कुणाला कळत नाही का. बाहेर पडून पुन्हा ओढायला लागला की पातळी कोसळते. मूड स्थिर असेल तर सोडवण्यासाठी व्हॅरेनिक्लिन वापरता येतं. मानसिक आजार असलेल्यांनाही घेतलेल्या २०१६ च्या मोठ्या ईगल्स चाचणीत गंभीर मानसिक दुष्परिणाम लक्षणीयरीत्या वाढल्याचं दिसलं नाही. ब्युप्रोपिऑन मात्र नैराश्याचंच औषध आहे, मूड उसळवू शकतं, आणि दारू एकदम सोडताना तर ते द्यायचंच नाही कारण फिट येण्याचा धोका वाढतो.

कुणी घ्यावी, कुणी नाही

उघड उन्मादात किंवा आत्महत्येच्या बेतात असलेल्याला थेट निवासी व्यसनमुक्ती केंद्रात नेऊ नये. आधी मनोरुग्ण वॉर्ड. पूर्वी विथड्रॉवलमध्ये फिट किंवा डेलिरियम झालेल्याचा डिटॉक्स चोवीस तास डॉक्टर असलेल्या रुग्णालयातच व्हावा. मूड स्थिर, गोळ्या नियमित, घर शांत आणि नशा मध्यम असेल तर दाखल होण्याचीही गरज नसते. आठवड्याचा गट आणि पंधरवड्याची ओपीडी भेट पुरते. बाकीच्यांसाठी ही सेवा खर्चिक असली तरी घ्यावी, आणि रक्ताच्या चाचण्या पॅकेजमध्ये आहेत की वेगळ्या लावतात हे लेखी घ्यावं. वेगळ्या असल्या की लिथियमची पातळी तपासणं सगळ्यांत आधी टळतं.

जवळपास अशी सेवाच नसेल, तर दोन डॉक्टरांवरच भागवावं लागतं. तेव्हा रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या हाती एक कागद ठेवावा: चालू असलेली प्रत्येक गोळी डोससकट, शेवटची लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट पातळी तारखेसह, शेवटच्या नशेची तारीख, मागच्या आठवड्यातली झोप. एका डॉक्टरने गोळी बदलली की ती त्याच कागदावर, त्याच्याच हस्ताक्षरात, कारणासह लिहून घ्यावी, आणि दुसऱ्याला दाखवल्याशिवाय ती सुरू करू नये.